जाळीपलीकडची काळविटं

आज सोलापूरजवळच्या नान्नजला मामांच्या शेतावर गेलो होतो. यंदा त्यांनी हरभऱ्याभोवती सात फुटी जाळी मारलीय, खालून मुरमात गाडलेली. बांधावर चहा पीत होतो, तर पलीकडे सहा-सात काळविटं आली. (आपण हरीण म्हणतो, पण हरणाची शिंगं दरवर्षी गळतात, काळविटाची नाही.) पुढची मादी जाळीला नाक लावून पार कोपऱ्यापर्यंत चालत गेली, फिरली, परत तेच. मागे पाडस. उडी मारतात, पण घाई नसेल तर ही जनावरं तारेखालची फटच शोधतात. इथं फटच नाही. मागे कुत्री लागली तर?

मामांना म्हटलं, खालून फूटभर सोडायची की ओ. म्हणाले, "मग जाळी कशाला मारली? एका रात्रीत शेंडे खुडून गेली, ते तू भरून देणार का?"

गप्प बसलो. बरोबरच आहे त्यांचं. पण शेजारच्यानंही मारलीय, त्याच्या पलीकडच्याचे खांब येऊन पडलेत. १९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी इथं अभयारण्य झालं, ते या मोकळ्या माळामुळंच ना?

निघताना पाहिलं, खालच्या तारेला बदामी केसांचा झुपका अडकला होता. मामांनीही पाहिला. बोलले काहीच नाहीत.