छोट्या केबिनच्या बोटीत एसी बसवायचाय? आधी पाण्याचं बघा

बोटीत एसी बसवण्याच्या कामात खुद्द एसी बसवणं हा सगळ्यात सोपा भाग आहे. माझी बोट २४ फुटी, केबिन अगदी छोटी, पुढच्या टोकाला झोपायची तिरपी जागा, मध्ये बसायला बाक आणि एका कडेला ओटा, एवढ्यात ६००० बीटीयूचा (बीटीयू म्हणजे एसीच्या गार करायच्या ताकदीचं माप) मरीन एसी मी स्वतः बसवला, आणि त्यात एसीचा खोका बाकाखाली सरकवून बोल्ट आवळणं हे काम कधी झालं कळलंही नाही. सगळा वेळ आणि सगळी अक्कल लागली ती पाण्यात. समुद्राचं पाणी आत घ्यायचं कुठून, ते पंपापर्यंत न्यायचं कसं, गरम झालेलं बाहेर सोडायचं कुठे, आणि केबिनच्या हवेतनं जे पाणी सुटतं, घरच्या एसीच्या नळीतनं ठिबकतं ना तेच, त्याची सोय काय. हे ठरल्याशिवाय ड्रिल हातात घेऊ नका.

आधी हे यंत्र चालतं कसं ते थोडक्यात. घरातला एसी आतली उष्णता बाहेरच्या पंख्यानं हवेत फेकतो. मरीन एसीला तो बाहेरचा पंखाच नसतो, त्याची उष्णता पाण्यात जाते, पंप बोटीखालचं पाणी ओढतो, ते कंडेन्सरच्या, म्हणजे उष्णता पाण्याला देणाऱ्या भागाच्या, नळीतनं फिरतं आणि कोमट होऊन बाहेर पडतं. ही नळी तांबं आणि निकेलच्या मिश्रधातूची असते कारण साधं तांबं खाऱ्या पाण्यात टिकत नाही. कॉम्प्रेसर, दोन्ही कॉइल, पंखा सगळं एकाच ट्रेवर येतं आणि गॅस कारखान्यातनंच भरून सील केलेला असतो, म्हणूनच हे काम स्वतः करता येतं. कॉम्प्रेसर एकीकडे आणि कॉइल दुसरीकडे असला प्रकार घेतलात तर गॅसच्या नळ्या जोडणं, व्हॅक्यूम करणं आलं, तिथे मेकॅनिक लागणारच.

मग बरेच जण विचारतात की पोर्टेबल एसी आत ठेवला आणि त्याचं जाडं होज खिडकीतनं बाहेर काढलं तर काय बिघडलं? बिघडतं, आणि हे मी कळकळीनं सांगतोय. एका होजवाला पोर्टेबल एसी केबिनचीच हवा बाहेर फेकतो, तेवढी हवा आत कुठून तरी यायलाच हवी, आणि बोटीत ती येते बिल्जमधनं, म्हणजे तळाशी पाणी साचतं त्या पोकळीतनं, आणि इंजिनच्या कप्प्यातनं. तिथे पेट्रोलची वाफ असू शकते, शेजारी कोणी जनरेटर लावला असेल तर कार्बन मोनॉक्साइड असू शकतो ज्याला ना वास ना रंग. झोपेत कळतही नाही. हॅचवर, म्हणजे केबिनच्या छपरातल्या झडपेवर, विंडो एसी बसवणारेही आहेत, धक्क्याला बांधलेल्या बोटीत तो गार करतो यात वाद नाही, पण त्याचा पत्रा खाऱ्या हवेत लवकर सडतो आणि ते सगळं वजन छपरावर बसतं, लहान बोटीत वजन जितकं वर तितकी बोट जास्त डुलते. मला बोट घेऊन बाहेर पडायचं असतं म्हणून तो विचार मी सोडला.

साइज काढायला एक ढोबळ हिशोब आहे. डेकच्या खालच्या केबिनला दर चौरस फुटाला ६० बीटीयू, अर्धी वर अर्धी खाली असेल तर ९०, आणि सगळी डेकच्या वर काचांची असेल तर १२०. माझी ७० चौरस फुटांची खालची केबिन म्हणजे ४२०० निघाले, पण ऊन कडक आणि समुद्राचं पाणीही कोमट म्हणून मी एक पायरी वर गेलो. त्याच्याही वर जाऊ नका. मोठा एसी केबिन पटकन गार करून बंद पडतो, हवेतला ओलावा काढायला त्याला वेळच मिळत नाही आणि मग गार पण दमट अशा केबिनमध्ये झोपावं लागतं, गाद्यांना बुरशी येते ती वेगळीच. त्यापेक्षा डेकवर ताडपत्रीची सावली करा, हॅचला आतनं चकचकीत फोमचा तुकडा लावा, बाहेरचं ऊन अडवलं की छोटा एसीसुद्धा पुरतो.

आता पाणी. तळाला भोक पाडायचं तर बोट पाण्याबाहेर हवी हे उघड आहे. जागा अशी निवडा की बोट डोलली तरी भोक पाण्याखालीच राहील, आणि टॉयलेटच्या आउटलेटच्या मागे नको. बाहेरनं स्कूप, म्हणजे पाणी आत घेणारं जाळीचं झाकण, पुढे तोंड करून, म्हणजे बोट चालताना पाणी आपोआप आत ढकललं जातं. फायबरच्या दोन थरांमध्ये लाकूड किंवा फोम असलेली हल (बोटीचं कवच) असेल तर भोकाभोवतीचं मधलं लाकूड किंवा फोम खरवडून तिथे इपॉक्सी भरायचं, नाहीतर पाणी आत झिरपत जातं आणि हल आतल्या आत कुजते. फिटिंग आणि सीकॉक (त्या भोकावरचा बंद-चालू करायचा व्हॉल्व्ह) ब्राँझचे किंवा मरीनसाठी बनवलेल्या प्लास्टिकचे, नळकामातलं पितळ अजिबात नको, समुद्राच्या पाण्यात त्यातला जस्त निघून जातो आणि उरलेलं ठिसूळ होऊन हातात तुटतं. पाण्याखालच्या प्रत्येक जोडाला जागा असेल तिथे स्टीलचे दोन क्लॅम्प. या भोकावर बोट तरंगणार की बुडणार हे ठरतं, इथे घाई नको.

सीकॉकनंतर गाळणी, गाळणीनंतर पंप, पंपानंतर एसी, आणि हा सगळा रस्ता सतत चढता हवा. इथेच बहुतेकांचं काम अडतं. हा पंप सेंट्रिफ्युगल असतो, तो पाणी ढकलतो पण हवा ओढून काढू शकत नाही, म्हणून तो पाण्याच्या पातळीखालीच बसला पाहिजे आणि आधीच पाण्यानं भरलेला पाहिजे. होज मध्येच कुठे वर जाऊन परत खाली आला की त्या उंचवट्यात हवा अडकते, पंप घूं घूं करत राहतो, पाणी काही येत नाही आणि एसी थोड्या वेळात हाय प्रेशर दाखवून बंद होतो. मी होज टाकताना त्याला बोटानं चाचपत गेलो, बाकाच्या आडव्या पट्टीखाली तो दोन बोटं खाली झोळ खात होता, तिथे एक क्लिप जास्त ठोकली. बोट पाण्यात उतरवल्यावर सीकॉक उघडला आणि पंपाच्या पुढचा होज जरा सैल केला, आधी फुसफुस हवा निघाली, मग गाळणीच्या पारदर्शक वाटीत पाणी वर चढताना दिसलं, वरचा बुडबुडा लहान लहान होत गेला आणि होजच्या तोंडातनं पाणी आलं तेव्हा परत आवळला. मगच पंप चालू केला.

बाहेर पडणाऱ्या पाण्याचं भोक पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, आणि शक्यतो जिथनं सहज दिसेल अशा बाजूला. ती धार हीच तुमच्या एसीची नाडी. धार बारीक झाली म्हणजे गाळणीत काहीतरी अडकलंय.

दुसरं पाणी हवेतनं सुटणारं. दमट रात्री ते काही लिटर होतं. पुष्कळ जण ती नळी सरळ बिल्जमध्ये सोडून देतात, मला ते बिलकुल पटत नाही. एक तर बिल्ज कायम ओली राहते, वास येतो, आणि दुसरं म्हणजे एसीचा पंखा त्याच नळीतनं तिथली हवा उलटी ओढू शकतो. इंजिनच्या कप्प्यात तर ती नळी सोडूच नका आणि बाहेर काढलीत तर एक्झॉस्टच्या तोंडापासून निदान ३ फूट लांब. मी एक झाकणाचा छोटा सम्प, म्हणजे पाणी गोळा करायचा डबा, बसवला, त्यात फ्लोट स्विचवाला पंप आहे, पाणी भरलं की आपोआप बाहेर टाकतो.

हवेचं गणित सोपं आहे, थंड हवा वरनं सोडायची आणि परतीची खालनं घ्यायची. दोन्ही जाळ्या एकमेकींसमोर आल्या तर एसी आपलीच थंड हवा परत ओढतो आणि केबिन गार व्हायच्या आत बंद होतो. परतीची हवा फक्त केबिनमधनं यावी, बाकामागच्या फटी मी फोमच्या पट्टीनं बुजवल्या. फिल्टर हात घालून काढता येईल असा ठेवा, नाहीतर तो कधीच साफ होत नाही.

विजेचं काम मी केलं पण शेवटी जाणकाराकडून तपासून घेतलं, आणि हे सगळ्यांनीच करावं असं माझं ठाम मत आहे. २३० व्होल्ट आणि खारं पाणी एकत्र आहेत. ३० मिलीअँपचा आरसीडी, म्हणजे करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच, हवाच. वायर बारीक तारांची, कथिल चढवलेली, घरातली एका जाड तारेची नको कारण बोटीच्या थरथरीनं ती तुटते. धक्क्यावरून वीज घेतलीत की तिच्या अर्थिंगमुळे तुमची बोट शेजारच्या बोटींशी जोडली जाते आणि तुमचे जस्ताचे अॅनोड, म्हणजे बाकीचा धातू वाचावा म्हणून स्वतः झिजणारे तुकडे, भराभर झिजतात, त्यावर उपाय गॅल्व्हॅनिक आयसोलेटर, तो अर्थिंगच्या तारेतला हा बारीक करंट अडवतो. वैतागून अर्थिंगची तार कापणारे असतात, ते जिवाशी खेळणं आहे.

आणि बॅटरीवर चालेल का? चालेल, पण हिशोब बघा. एसी आणि पंप मिळून ६०० वॅटच्या आसपास धरा, १२ व्होल्टवर इन्व्हर्टरचा तोटा धरून साधारण ५५ अँपियर. लेड अॅसिडची १०० अँपियर-अवरची बॅटरी निम्मीच वापरायची असते, म्हणजे तासभरही नाही. लिथियम आयर्न फॉस्फेटची २०० ची असेल तर सलग चालवून साडेतीन-चार तास, रात्री कॉम्प्रेसर अधूनमधून थांबतो म्हणून थोडं जास्त. सुरू होताना कॉम्प्रेसर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो, सॉफ्ट स्टार्टर लावला तर लहान इन्व्हर्टरवरही तो उचलला जातो. जनरेटर लावणार असाल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या जागेजवळ आधी बसवा, जनरेटर नंतर आणा.

सगळं झाल्यावर परतीच्या जाळीपाशी आणि थंड हवेच्या तोंडापाशी थर्मामीटर धरा, ८ ते ११ डिग्री सेल्सिअसचा फरक आला की यंत्र बरोबर चाललंय. तेवढा येत नसेल तर गॅसकडे बोट दाखवण्याआधी फिल्टर, धार आणि गाळणी बघा.

नंतरची देखभालही बहुतेक पाण्याचीच. गाळणीत शेवाळ, प्लास्टिकचे तुकडे, कधी जेलीफिश, उघडायच्या आधी सीकॉक बंद करायला विसरू नका. स्कूपच्या तोंडावर बार्नेकल (कवचाचे चिकटून बसणारे समुद्री जीव) बसतात, बोट वर काढली की खरवडायचे. कंडेन्सरच्या नळीत क्षार चढून धार चांगली असूनही हाय प्रेशर यायला लागलं, की कंपनीच्या पुस्तकात सांगितलेलं सौम्य अॅसिडचं पाणी बादलीतनं पंपानं फिरवायचं, अॅसिड चालेल असा वेगळा पंप घेऊन, आणि नंतर गोड्या पाण्यानं भरपूर धुवायचं. बोट बरेच दिवस उभी राहणार असेल तर सीकॉक बंद, गाळणी रिकामी, आणि एसीच्या ब्रेकरवर पाणी बंद असल्याची चिठ्ठी, कारण पुढच्या वेळी चावी फिरवणारे तुम्हीच असाल असं नाही.