ग्लिफ म्हणजे खिळा: माझ्या फॉन्टची नोंद, सहावा महिना

या महिन्यात माझ्या मराठी फॉन्टमध्ये ४१ ग्लिफ, म्हणजे सुटे आकार, वाढले, एकूण ५३८ झाले. शेजारच्या आकारांपासूनची अंतरं अजून निम्म्यांचीच लागली आहेत, पण जोडाक्षरांचा डोंगर उतरत आला, याचा आनंद मोठा आहे.

घरी हा आकडा सांगितला की एकच प्रश्न येतो: मराठीत अक्षरं ती किती, मग ५३८ कशाला? युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर प्रत्येक वर्णाला ठरलेला क्रमांक देणाऱ्या यादीत, देवनागरीचा मूळ गट १२८ जागांचा, तरीही ५३८? सहा महिने मी ‘ग्लिफ’ला ‘अक्षर’च म्हणत होते आणि त्यामुळे माझाही गोंधळ व्हायचा. ग्लिफ हा शब्द ग्रीकमधल्या ‘कोरणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून आला आहे. कागदावर किंवा पडद्यावर प्रत्यक्ष उमटणारा एक आकार, एवढंच त्यात अभिप्रेत आहे. उच्चार, अर्थ, टंकलेला वर्ण यांच्याशी त्याचा थेट संबंध नाही.

रोज गाडीतून दिसणारी पाटी घ्या: कुर्ला. वाचताना अक्षरं दोन. टंकताना क, उकार, र, हलन्त, ल, काना अशा सहा कळा. माझ्या फॉन्टमध्ये मात्र त्याचे पाच ग्लिफ होतात, कारण र आणि हलन्त मिळून एकच रफार बनतो. शिवाय ल च्या आधी टंकलेला तो र, ल आणि काना दोन्ही ओलांडून कान्याच्या माथ्यावर जाऊन बसतो. दोन, सहा, पाच! तिन्ही मोजण्या बरोबर, फक्त मोजायच्या गोष्टी वेगळ्या.

ग्लिफला मराठीत काय म्हणावं हे मला आमच्या मजल्यावरच्या काकांनी सुचवलं. ते गिरगावात एका छापखान्यात खिळेजुळारी, म्हणजे छपाईचे शिशाचे खिळे ओळीत जुळवणारे होते. मी छापलेले नमुने दाखवायला गेले आणि म्हटलं, “काका, इतकी अक्षरं झाली.” त्यांनी चष्मा पुसत विचारलं, “अक्षरं नको सांगूस गं, खिळे किती झाले?” तिथेच गाठ सुटली. खिळे ठेवायच्या खणांच्या पेटीतून, म्हणजे ‘केस’मधून, उचलून ओळीत बसवायचा तो खिळा, मग त्यावर पूर्ण अक्षर असो, अर्धं असो की नुसती मात्रा. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईत काढलेल्या निर्णयसागर छापखान्याचं नाव अजून घेतलं जातं ते तिथल्या खिळ्यांच्या देखणेपणामुळेही. शिसं गेलं, पण शब्द अजून कामाचा आहे. मी आता वहीत खिळेच लिहिते.

हा फरक कळला की कोणत्या कळांना कोणता खिळा यावा याचे नियम लिहिताना हात थांबत नाही. ‘वाऱ्या’मधला अर्धा र बघा. कुणी तो नुक्तावाला (खाली टिंब असलेला) ऱ आणि हलन्त असा टंकतो, कुणी साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक (अर्धं रूप मागणारी एक खूण) देऊन. दोन्ही वाटा माझ्याकडे एकाच खिळ्यावर येतात. डोळ्यांना फरक शून्य, पण फाइलमध्ये शोधायला गेलं तर एका पद्धतीने लिहिलेला शब्द दुसरीला सापडत नाही. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन वेगळे शब्द आहेत, त्यामुळे हा खिळा मराठी फॉन्टमध्ये असलाच पाहिजे. तो नसलेला फॉन्ट मी मराठी म्हणत नाही.

ल चं नेमकं उलट. कळ एक, खिळे दोन. पाकळीचा ल आणि देठाचा श ही आपली रूपं, २००९ च्या शासन निर्णयातही तीच आहेत. मी ती मूळ ठेवली आणि भाषा हिंदी निवडली तर तिकडची रूपं यावीत असा नियम लावला. त्रास दिला तो ‘कल्याण’ने. पाकळीच्या ल ला उजवीकडे काना नाही, मग अर्धा करताना कापायचं काय? चार प्रयत्नांनंतर उजवी पाकळी आखडती घेतली आणि तिचं टोक य ला टेकवलं. लहान आकारातही आता ठीक वाचता येतं.

सर्वांत जास्त वेळ गेला ‘मूर्तींची’ या शब्दात. वेलांटी, तिच्यावर रफार, पुन्हा अनुस्वार. तिन्ही खिळे सुटे ठेवून, कोण कुठे टेकायचा ते दाखवणारे बिंदू नुसते जुळवले होते. पडद्यावर छान दिसायचं, चौदा पॉइंटला छापलं की रफार आणि अनुस्वार मिळून शाईचा एक ठिपका. काकांनी भिंगाखाली धरून लगेच बोट ठेवलं: “हा तिघांचा मिळून एक खिळा पाड.” पाडला. रफाराचं वळण थोडं उघडं केलं, अनुस्वार उजवीकडे आणि जरा वर सरकवला. वेलांटी आणि रफार एवढ्या दोघांचाही वेगळा पाडला, ‘पूर्वी’साठी.

पुढचा महिना पहिल्या वेलांटीचा. ‘कि’वर बसणारी कमान ‘स्थि’वर अर्ध्यातच संपते, त्यामुळे चार रुंदींचे चार खिळे लागतील. दोन काढून झालेत. तिसऱ्याची कमान शिरोरेखेला जिथे मिळते तिथे अजून टेंगूळ दिसतंय, ते आधी घासायचं आहे.