रेवस ते रेडी, सामानासकट: रोजचे किलोमीटर ठरवताना

कोकण किनाऱ्यानं रेवसहून रेडीपर्यंत सायकलनं जायचंय, त्याचा तक्ता जवळजवळ पक्का झालाय. प्रत्येक दिवसाच्या ओळीत आता पहिला रकाना ‘तास’, दुसरा ‘चढ’ आणि तिसरा ‘किमी’. बरोबर येणाऱ्या दोघांना हा क्रम काही पटलेला नाही. त्यांचं गणित सरळ आहे: बीआरएमला (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राइड) २०० किमी होतात, तर सामान घेऊन निम्मे, म्हणजे रोजचे १०० व्हायलाच हवेत. पण बीआरएमच्या २०० ला साडेतेरा तास मिळतात, सायकलवर एखादी छोटी बॅग असते आणि दुसऱ्या दिवशी माणूस घरी आडवा पडलेला असतो. आपल्याला दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पुन्हा पॅनियर (कॅरिअरला अडकवायच्या सामानाच्या पिशव्या) लावायचे आहेत.

शिवाय रस्ता कोणता, हेही आहेच. पुण्याहून सोलापूरच्या दिशेनं सामानासकट १०० मलाही जड वाटणार नाहीत (हिवाळ्यात तिकडून समोरचा वारा लागतो, तेवढं सोडून). कोकणात मात्र ‘समुद्राकाठचा रस्ता’ म्हटलं की लोक सपाटी डोळ्यांपुढे आणतात. कशेडी, परशुराम हे मोठे घाट मुंबई-गोवा हायवेवर, ते आपल्या वाटेत नाहीत हे खरं. पण किनाऱ्याचा रस्ता खाडीपाशी पार पाण्यापर्यंत उतरतो, पलीकडे लगेच सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर चढतो, सड्यावर जरा मोकळं चालवू देतो आणि पुढच्या गावासाठी पुन्हा खाली येतो. प्रत्येक चढ छोटा, पण खडा. आणि उतारावर वेळ भरून निघेल म्हणावं, तर खाली अरुंद वळणं, खडी आणि रस्त्यात बसलेली गुरं.

म्हणून हिशोब असा मांडलाय. मी ७६ किलो, सायकल कॅरिअरसकट १६, सामान आणि पाणी १८, एकूण ११०. एवढं वजन १०० मीटर उंच न्यायला साधारण १०८ किलोज्यूल लागतात. दिवसभर टिकेल अशी माझी ताकद १२० वॅट धरली, तर झाली १५ मिनिटं, आणि चाकांच्या घर्षणापायी आणखी एक-दोन. तेवढंच अंतर सपाटीवर पाच-सहा मिनिटांत झालं असतं, उतारावर दोनेक मिनिटं परत मिळतात. वजाबाकी करून राहतात सुमारे १० मिनिटं. थोडक्यात, सपाटीला ताशी १८ चा वेग आणि दर १०० मीटर चढाला १० मिनिटं जादा. किलोमीटरमध्येच बोलायचं असेल तर १०० मीटर चढ म्हणजे ३ किमी सपाटी.

पुण्याजवळच्या बोपदेव घाटात पॅनियरमध्ये पाण्याच्या बाटल्या आणि तांदूळ भरून हे ताडून पाहिलं. आकडा जवळपास जुळतो, पण एका अटीवर: चढ पेडल मारतच पार व्हायला हवा. इथं गिअरचा प्रश्न येतो. माझ्याकडे पुढे सगळ्यात लहान चेनरिंग (पेडलजवळची दातेरी चकती) २८ दातांची, मागे मोठी चकती ३२ ची होती. ३५ मिमी रुंदीच्या टायरवर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल १.९ मीटर जाते. मिनिटाला ६० फेरे धरले तर ताशी ६.८ किमी. दहा टक्के चढावर या वेगाला नुसत्या उंचीसाठीच २०५ वॅट लागतात. ते मी दोन-तीन मिनिटं देईन, पुढे उतरून ढकलणं आलं. आता मागे ११-३६ ची कॅसेट (मागच्या चाकावरचा चकत्यांचा संच, सगळ्यात मोठी ३६ दातांची) बसवली आहे. एका फेऱ्याला १.७ मीटर, ताशी सहाच्या आसपास, लागणारी ताकद १८० च्या घरात. तरीही दमछाक होतेच, पण खोगीर सोडावं लागत नाही. कुणी हा बदल करणार असेल तर मागचा डिरेलर (साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) ३६ दात घेतो का ते आधी बघा. तंबू आणि स्लीपिंग बॅग काढून टाकल्यात, घरगुती मुक्काम जागोजागी मिळतात. वर सांगितलेले १८ किलो हे ते काढल्यानंतरचे.

नमुन्याला गुहागर ते गणपतीपुळे घ्या. पालशेत, वेळणेश्वर, हेदवी करत तवसाळला शास्त्रीच्या खाडीवर फेरीबोट, पलीकडे जयगड, मग मालगुंड. साधारण ६० किमी, ॲपवर चढ हजार मीटरच्या आतबाहेर (दोन ॲप कधी सारखा चढ सांगत नाहीत, मी मोठा आकडा धरतो). सपाटीचे ३ तास २० मिनिटं, चढाची १०० मिनिटं, म्हणजे नुसतं चालवण्याचे पाच तास. फेरीची वाट आणि पार होणं मिळून तास. नाष्टा-जेवण दीड तास. चहा, पाणी भरणं, फोटो, एखादं पंक्चर यांचा मिळून आणखी तास. साडेआठ झाले. सातला निघालो तर दुपारी साडेतीन.

हेच ९० किमी आणि दीड हजार मीटर करून बघा. चालवायलाच साडेसात तास, थांबे साडेतीन, एकूण अकरा. डिसेंबर-जानेवारीत उजेडच तेवढा असतो. बाराच्या पुढचं ऊन तक्त्यात दिसत नाही, पण सड्यावर झाड नसतं. एवढीच मेहेरबानी, की दुपारनंतर समुद्रावरून वायव्येचा वारा येतो आणि आपण दक्षिणेला चाललेलो असतो. म्हणून उत्तरेकडून सुरुवात.

सगळे दिवस एकसारखे धरलेले नाहीत. भाऊच्या धक्क्यावरून लाँचनं रेवस, पुढे अलिबाग, रेवदंडा, मुरुड यांत सपाटी बरीच, तिथे ७० ला हरकत नाही. आगरदांडा-दिघी फेरीनंतर दिवेआगर-श्रीवर्धन पन्नासेक. तिसऱ्या दिवशी बागमांडला-वेसवी फेरी, मग केळशी, आंजर्ले. तो मुद्दाम लहान ठेवलाय, कारण पाय आणि बूड दोन्ही तिसऱ्या दिवशीच तक्रार करतात. दापोली सुमारे आठशे फुटांवर, तिथून दाभोळ म्हणजे शेवटी समुद्रसपाटी. तो दिवस हलका जाईल असं कागद म्हणतो, पण मधल्या चढांवर माझा विश्वास नाही.

रत्नागिरीच्या पुढचा भाग अजून मोकळा आहे. पावस, पूर्णगड, आडिवरे करत जैतापूरला थांबायचं की विजयदुर्ग गाठायचं, यावर आमचं एकमत नाही. माझं मत जैतापूर. दुसरी बाजू म्हणते, मग मालवणला एक दिवस जास्त लागेल. लागू दे. रजा मी तेवढी टाकली आहे. त्यांना सोमवारी ऑफिस गाठायचं असेल तर सायकल रेल्वेच्या पार्सलला देऊन ते रत्नागिरीहूनच परतू शकतात.

पुढच्या रविवारी ताम्हिणीमार्गे माणगाव, सगळ्या सामानासकट. वेळ तक्त्याबरहुकूम आली तर १० मिनिटांचा आकडा कायम, नाहीतर १२ करेन आणि प्रत्येक दिवसातून पाच-सात किलोमीटर कापेन.