आधी ऐकलं, मग पाहिलं

(दहावी, मार्च १९८४)

शाळेच्या अंकासाठी लेख मागताना समितीनं विषयही सुचवला, ‘आपला काळ आणि आजचा काळ’. असा विषय आला की सत्तरचं दशक, ऐंशीचं दशक असे कप्पे पाडायचे, एकेका कप्प्यात रेडिओ, टीव्ही, मोबाइल ठेवायचा आणि शेवटी उसासा टाकायचा, अशी रीत आहे. मला ते जमायचं नाही, कारण अंबाजोगाईत कुठलंच दशक वेळेवर आलं नाही. १९७५-७६ साली उपग्रहावरून खेड्यांत टीव्ही दाखवायचा ‘साइट’ नावाचा मोठा प्रयोग झाला. सहा राज्यांतली २४०० खेडी त्यात होती. उमरग्याची हद्द ओलांडली की कर्नाटकातल्या गुलबर्ग्याकडं गावकरी टीव्हीपुढं बसत होते. महाराष्ट्र त्या यादीतच नव्हता. आम्ही पुढंही बरीच वर्षं कानावरच जगलो.

म्हणून माझ्या पिढीला वस्तूंवरून ओळखू नका, क्रमावरून ओळखा. आम्ही प्रत्येक गोष्ट आधी ऐकली आणि मग, कधी महिन्यांनी तर कधी वर्षांनी, पाहिली.

‘शोले’चंच बघा. सिनेमा आला १५ ऑगस्ट १९७५ ला. आमच्याकडं आधी आली ती त्याच्या संवादांची रेकॉर्ड. गाण्यांची नव्हे, संवादांची. लग्नाच्या मांडवात, गणपतीत, कर्ण्यावर दिवसभर तीच. गब्बर मला तोंडपाठ होता, पण तो दिसतो कसा हे वर्गात एकालाही ठाऊक नव्हतं. मी त्याला आपल्या पीटीच्या सरांच्या मिशा लावल्या होत्या. माझ्या बाकावरच्या गड्याचा गब्बर टकला होता आणि त्याच्या डोक्याला फेटा होता. यावरून आमची मधल्या सुट्टीत हातघाईची लढाई झालेली आहे. पुढं गावच्या जत्रेत तंबू टॉकीजला ‘शोले’ लागला तेव्हा पडद्यावरचा गब्बर पाहून आम्ही दोघंही नाराज झालो. अमजद खान यांचा त्यात काही दोष नाही.

तंबूत बायकांची बाजू वेगळी, मधून पडदा, खाली बसायला ज्याचं त्यानं पोतं आणायचं. मशीन एकच असल्यामुळं रीळ संपलं की दिवे लागायचे आणि पुढचं रीळ चढेपर्यंत पुढं काय होणार यावर तंबूभर पैजा लागायच्या. पण माझा खरा जीव गाण्यांच्या पुस्तकांवर. चार-सहा पानांचं, पिवळट नाहीतर गुलाबी कागदाचं पुस्तक, टाचणीचा गंज लागलेलं. सुरुवातीला गोष्टीचा सारांश, मग गाणी. सारांश ऐन मोक्यावर आणून सोडलेला असायचा. नायकावर खुनाचा आळ आलाय, आई आंधळी झालीय, आणि खाली लिहिलेलं, ‘आगे रुपहले परदे पर देखिए.’ अंबाजोगाईच्या पोरांना रुपेरी पडदा कधी दिसणार? मग उरलेली गोष्ट आम्हीच पुरी करायचो. एकेका सिनेमाचे वर्गात तीन-चार शेवट तयार असायचे. ‘कल्पनाविस्तार करा’ हा मराठीच्या पेपरातला प्रश्न आमच्या तुकडीला कधी अवघड गेला नाही, त्याचं थोडं श्रेय या पुस्तकांना द्यायला हरकत नाही. मराठीचे सर हयात असते तर त्यांनी हे छापू दिलं नसतं.

बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’, सिनेमाच्या गाण्यांचे क्रमांक लावणारा कार्यक्रम. पुढं तिची ‘सिबाका’ झाली, तरी आमच्या तोंडी बिनाकाच. ती १९५२ साली सुरू झाली, कारण नभोवाणी मंत्री बा. वि. केसकर यांना आकाशवाणीवर सिनेमाची गाणी नको होती. म्हणजे एका मराठी मंत्र्याच्या सोवळ्यापायी अख्खा देश श्रीलंकेच्या केंद्राला कान लावून बसला. लघुलहरीवरचा आवाज मध्येच विरायचा, परत यायचा. पहिल्या पायदानाचं, म्हणजे पहिल्या नंबरचं, गाणं नेमकं विरलं की दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या रांगेत चौकशी. सेल उतरायला लागले की दिवसभर उन्हात ठेवायचे, बुधवार निभायचा. गीतमालेचे निवेदक अमीन सयानी २०२४ च्या फेब्रुवारीत गेले. बातमी फोनवर आली तेव्हा लक्षात आलं, त्यांचा चेहरा मी पहिल्यांदा पाहिला तोच मुळी पन्नाशीच्या आसपास.

हा क्रम पहिल्यांदा मोडला तो व्हिडिओनं. गणेशोत्सवात वर्गणी काढून टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं आणायचे, रात्रीत तीन सिनेमे. चोरट्या कॅसेटवर खालून दुकानांच्या जाहिराती सरकत राहायच्या, हिरॉइनचे पाय आम्हाला कधी दिसले नाहीत. पण जिल्ह्याच्या टॉकीजला न लागलेला सिनेमा वाडीवर आधी दिसला, हे आमच्या भागात प्रथमच घडत होतं. १९८४ च्या सुमारास देशभर लहान प्रक्षेपण केंद्रं उभी राहिली आणि १९८७ च्या जानेवारीपासून रविवारी सकाळी रामायण. त्यावर इतकं लिहून झालंय की मी सोडून देतो.

कॅसेटबद्दल मात्र एक सांगायला हवं, ते सहसा कुणी सांगत नाही. रेकॉर्ड कंपन्यांच्या काळात कुणाचा आवाज छापायचा ते मुंबईत ठरायचं. कॅसेट स्वस्त झाली आणि प्रल्हाद शिंद्यांच्या आवाजातली भीमगीतं, भजनं वस्तीवस्तीवर पोचली. १४ एप्रिलच्या आधी आठवडाभर बस स्टँडवरच्या कॅसेटच्या गाड्यावर दुसरं काही वाजतच नसे. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या त्या तापलेल्या वर्षांत कोणत्या दुकानात कुठली कॅसेट लावलीय यावरून माणसं दुकान निवडायची. नव्वदच्या दशकाची आठवण म्हणून केबल आणि फिल्मी काउंटडाउन सांगणाऱ्यांनी हेही सांगावं.

३० सप्टेंबर १९९३. विसर्जनाची रात्र सरून पहाटेचे चार वाजायला आले होते. अंबाजोगाईत भांडी वाजली, आम्ही अंगणात आलो. कुठं झालं, किती झालं, काही कळेना. एसटीडीच्या बूथवर रांग, लाइन लागत नाही. किल्लारीचं नाव आधी रेडिओवर आलं, मग तिकडून आलेल्या माणसांच्या तोंडी. फोटो दुसऱ्या दिवशीच्या पेपरात. जवळपास दहा हजार माणसं गेली होती. २०२४ मध्ये हिंगोलीला मार्चमध्ये आणि जुलैमध्ये भूकंपाचे धक्के बसले, दोन्ही साडेचार रिश्टरचे. नांदेडच्या व्याह्यांकडचा हलणारा पंखा मी चहा संपायच्या आत पाहिला. त्याच्या मागोमाग ‘आज रात्री मोठा येणार’ हेही आलंच. अफवा ९३ लाही होत्या, पण तेव्हा त्या एसटीनं यायच्या.

मोबाइलचं पहिलं दशक पटकन उरकतो. इनकमिंगला पैसे पडायचे, मग २००३ साली ते बंद झालं, टॉर्चवाला नोकिया आला आणि लोडशेडिंगच्या काळात त्याचा टॉर्चच जास्त वापरला गेला.

२०१६ मात्र विसरायचं नाही. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणलं आणि सप्टेंबरात फुकट फोर-जी आलं. प्यायच्या पाण्याला साडेतीनशे किलोमीटरवरून गाडी लागत होती, पण मुंबईच्या पोराच्या हातातला व्हिडिओ त्याच क्षणी टँकरची वाट पाहणाऱ्या आपल्या पोराच्या हातात. मराठवाडा कुठल्याही बाबतीत मुंबईच्या बरोबरीनं आला तो या एकाच. याचं कौतुक करावं की काय करावं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

माझा पुतण्या आपल्याच शाळेत नववीला आहे. गब्बर त्याला माहीत आहे, स्टिकरमध्ये आणि तीन सेकंदांच्या तुकड्यात. सिनेमा पाहिलेला नाही, पाहायची गरजही वाटत नाही. चेहरा आधी, गोष्ट कधीच नाही. पोरं बिघडली असं मी म्हणणार नाही, आमचे कान तयार झाले तसे त्यांचे डोळे होतील. फक्त शेवट आपला आपण लावायची सोय त्यांना उरलेली नाही.

परवा क्रिकेटवरून आमचं जुंपलं. त्याचं म्हणणं, असं काहीच नाही जे फोनवर सापडत नाही. म्हटलं, १८ जून १९८३, टनब्रिज वेल्स, झिम्बाब्वेविरुद्ध कपिलचे नाबाद १७५. काढ. पाच गडी १७ धावांत गेलेले, तिथून पुढं तो एकटा खेळला. पठ्ठ्यानं रात्री जेवण होईपर्यंत शोधलं. त्याला ‘८३’ सिनेमातला प्रसंग मिळाला, रणवीर सिंगचा. खरी खेळी कुठून मिळणार? त्या सामन्याचं चित्रणच झालं नाही. त्या एका डावापुरतं लंडन आणि अंबाजोगाई एकाच रांगेत.

‘काका, हे तर कुठंच सापडंना,’ तो म्हणाला. ‘मग तुम्हाला कळलं कसं?’

म्हटलं, रविवारी दुपारच्या एसटीनं ‘मराठवाडा’ पेपर आला, त्यात होतं. मग त्यानं विचारलं, पहिला सिक्स कुठं मारला, आणि मी त्याला उभं राहून, बॅटीच्या जागी लाटणं घेऊन, सगळा डाव सांगितला.