श्वास रोखा

काकू सीटी स्कॅनच्या टेबलावर खोकल्या आणि कॉन्ट्रास्टआधीचे, म्हणजे शिरेतून रंगद्रव्य देण्याआधीचे, सगळे काप हलले. पुन्हा घेतले, पुन्हा खोकल्या. टेक्निशियन वैतागला, मीही. ‘दहाच सेकंद श्वास रोखा हो.’ कोरडी ढास, घशात काहीतरी अडकल्यासारखी. फॉर्मवर लिहिलेलं एवढंच : पोटदुखी, उलट्या, ऑब्स्ट्रक्शन (आतड्यात अडथळा)? औषधांचा रकाना कोरा. तो भरलेला मी क्वचितच पाहिलाय.

कॉन्ट्रास्ट दिल्यावर मात्र चित्र सुरेख आलं. जेजुनमचा, म्हणजे लहान आतड्याच्या मधल्या भागाचा, वीतभर तुकडा सुजलेला. आडव्या कापात अगदी नेमबाजीचं टार्गेट : आतलं अस्तर उजळ, मधला थर पाण्याने फुगून करडा, बाहेर पुन्हा उजळ कड. मेझेंटरी, आतड्याला धरून ठेवणारा पडदा, धूसर, ओटीपोटात थोडं पाणी. रक्तवाहिन्या मोकळ्या, अडथळा कुठेच नाही. तिकडे सर्जन ‘उघडून बघू या’च्या तयारीत.

जुना स्कॅन काढला. चार महिन्यांपूर्वी हेच, फक्त आतड्याचं वेटोळं दुसरं. रिपोर्ट ‘इन्फेक्टिव्ह एन्टरायटिस’, जंतुसंसर्गाने आलेली आतड्याची सूज. खाली सही माझी.

उठून बाहेर गेले. गोळ्या कुठल्या चालू आहेत?

‘काही नाही. बीपीची तेवढी, रोजचीच.’

रोजची गोळी कुणाच्या हिशेबात औषध नसतेच. पिशवीतून रामिप्रिलची पट्टी निघाली. आणि खोकला? ‘ती सुरू झाली तेव्हापासूनचाच असेल बहुतेक.’

ही गोळी जे एन्झाइम अडवते, तेच ब्रॅडिकायनिन हे शरीरातलं रसायनही मोडत असतं. ते मोडलं नाही की साचतं आणि केशवाहिन्या पाझरायला लागतात. खोकला त्याचाच, कधी ओठ-जिभेची सूज त्याची, आणि फारच क्वचित आतड्याची. अ‍ॅलर्जीतल्या हिस्टामिनचा हात नसल्याने अ‍ॅलर्जीच्या इंजेक्शनांचा इथे उपयोग होत नाही.

सर्जन कुरकुरत का होईना, थांबले. गोळी बदलली. दोन दिवसांत पोट मऊ झालं, सोनोग्राफीत आतड्याची भिंत पातळ दिसली. रक्तातल्या सी-४ या प्रथिनाची पातळीही ठीक आली, म्हणजे या सुजेचा आनुवंशिक प्रकार बहुधा नव्हे.

मागच्या वेळीही त्या दोनच दिवसांत बऱ्या झाल्या होत्या. तेव्हा तोंडाने काही द्यायचं नाही म्हणून ही गोळीही बंद होती, आणि श्रेय गेलं अँटिबायोटिकला. ते डिस्चार्ज कार्ड मी परवा मागवून पाहिलं. माझ्या रिपोर्टचा उतारा, आणि त्याखाली : ‘बीपीची गोळी पूर्ववत सुरू करावी.’