पाच फर्म्यांचा संग्रह

माझा पहिला कवितासंग्रह नुकताच आला. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातून स्वखर्चाने काढला. इकडचं कुणी त्याच खटाटोपात असेल, त्याच्यासाठी हे लिहितोय.

आमच्या सीमाभागात कविता आधी कानावर पडते, कागदावर मागाहून येते. कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा इथल्या साहित्य संमेलनांत मी कविता वाचत आलो. श्रोते मनापासून दाद देतात. पण आवाज चढवला, योग्य जागी थांबलं की बेताची ओळसुद्धा टाळी घेऊन जाते. म्हणून निवडीच्या वेळी सगळ्या कविता बायकोला वाचायला लावल्या. ती सरळ, सपाट वाचते. तिच्या वाचनात ज्या टिकल्या, तेवढ्याच ठेवल्या.

उरलेली काटछाट फर्म्याने केली. फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापून घडी घातलेली पानं; डेमी या पुस्तकाच्या नेहमीच्या आकारात सोळा पानांचा एक फर्मा. मला परवडत होते पाच, म्हणजे ८० पानं. त्यातून शीर्षकपान, अर्पणपत्रिका, अनुक्रमणिका, मनोगत वजा करा. एकाच पावसावरच्या चार कविता समोर ठेवून तीन काढताना जीव तुटतो, पण राहिलेली एक चौघींचं बळ घेऊन उभी राहते. कमी पानांचा संग्रह मला तरी जास्त आवडतो.

खरी कसोटी प्रूफात, म्हणजे छपाईआधी तपासायच्या प्रतीत लागली. मी मोबाइलवर युनिकोडमध्ये लिहिलेलं, प्रेसमध्ये श्रीलिपी, म्हणजे वेगळ्याच पद्धतीचे फाँट. फाँट बदलताना 'वाऱ्यावर'मधला ऱ्या फुटला, काही रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसले. ते डोळ्यांना दिसतं तरी. लांब ओळीचं तसं नाही. पानाच्या रुंदीत ती मावत नाही, शेवटचा शब्द खाली घसरतो आणि वाचणाऱ्याला वाटतं, कवीनेच ओळ तिथं तोडली. डीटीपी, म्हणजे संगणकावर पानं लावायचं काम करणाऱ्या ताईंची घरची भाषा कन्नड, पण नेमकं त्यांनीच विचारलं, "सर, हे मुद्दाम तोडलाय काय वो?" टाइप बारीक करायला मी नको म्हटलं. अशी प्रत्येक ओळ मोठ्याने वाचली आणि श्वास जिथं थांबला तिथं नव्याने तोडली. दोन कविता त्यामुळे सुधारल्या.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक; त्यासाठी एजंट लागत नाही. दिल्लीच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडे लेखकाला स्वतः ऑनलाइन अर्ज करता येतो, फी नाही. १९५४ च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह ठरलेल्या सार्वजनिक ग्रंथालयांना प्रती पाठवायच्या, त्याही मोजून ठेवा. एक प्रत मी बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयात दिली. १८४८ पासून चालत आलेल्या त्या संस्थेत आपलं पुस्तक असावं, ही माझी फार जुनी इच्छा.

प्रूफ मात्र स्क्रीनवर पाहून परत करू नका. पुस्तकाच्याच आकारात कागदावर काढून मागा आणि कविता न ऐकलेल्या माणसाला वाचायला द्या.