शिक्क्यावरचा शिवराज

पावसाळ्यात आमच्याकडे जुने कागद घेऊन येणाऱ्यांची वर्दळ वाढते. घराला ओल धरली की ट्रंका उपसल्या जातात आणि आजोबांचं पुडकं बाहेर पडतं. मोडी वाचणं हा माझा धंदा. आलेल्या कागदांतले बहुतेक खतं, कर्जरोखे, फारतर वतनाचा तंटा. त्या दिवशी मात्र सातारा भागातले एक काका पत्र्याची नळी छातीशी धरून आले आणि बसायच्या आधीच म्हणाले, "महाराजांचं पत्र हाय. शिवाजी महाराजांचं."

असं आठवड्यातून एकदा तरी ऐकतो, त्यामुळे मी चहा मागवला आणि कागद उलगडला. कसरीनं चाळण केली होती. मायन्यात 'क्षत्रियकुलावतंस श्री राजा' एवढं वाचता येत होतं आणि पुढे नावाच्याच जागी भोक. कसरीला नेमकं नाव कसं सापडतं कोण जाणे.

काकांचा पुतण्या शिकलेला. शिक्का देवनागरीत असतो, तेव्हा त्यानं तो भिंगानं वाचला होता. त्यात 'वर्धिष्णु' होतं, 'शिवराजस्य' होतं, शेवटी 'राजते' होतं. थोरल्या महाराजांच्या मुद्रेतही 'वर्धिष्णु' आहे, 'राजते' आहे. पोराची काय चूक? गावात फ्लेक्स छापायला गेला होता.

मी शिक्का पुन्हा पाहिला. शिवराजाच्या अलीकडे अक्षरं होती 'शंभुसूनो'. थोरल्या महाराजांची मुद्रा 'साहसूनोः शिवस्य' म्हणते, म्हणजे शहाजीचा पुत्र शिवाजी. इथे शंभूचा पुत्र शिवराज.

"काका, हे नातवाचं आहे."

"नातू म्हंजे शाहू महाराज. हितं तर शिवराज लिवलंय."

बरोबर पकडलं होतं त्यांनी. संभाजीराजांना १६८२ साली मुलगा झाला तेव्हा आजोबा जाऊन दोन वर्षं झाली होती. मुलाचं नाव शिवाजी ठेवलं. पुढे रायगड पडला, पोर सात वर्षांचं असताना मोगलांच्या कैदेत गेलं आणि १७०७ ला सुटलं. जगाच्या तोंडी शाहू बसलं, पण शिक्क्यावर शिवराजच राहिला.

हे सांगून मी मोकळा झालो असतो, पण 'शंभूचा पुत्र शिवाजी' आणखी एक आहे. कोल्हापूरचे संभाजीराजे १७६० ला वारले, १७६२ साली जिजाबाईंनी दत्तक घेतला आणि त्याचंही नाव शिवाजी. तो १८१३ पर्यंत गादीवर होता. (ताराबाईंचा मुलगाही शिवाजीच, पण त्याचे वडील राजाराम, म्हणून तो बाद.)

तारखेच्या ओळीत 'राज्याभिषेक शके', पुढे भोक, मग 'क्रोधी नाम संवत्सरे कार्तिक' एवढं शाबूत होतं. संवत्सरांचं चक्र साठ वर्षांचं. क्रोधी १६६४ ला येतं, १७२४ ला येतं आणि १७८४ ला येतं. बोटं मोजता मोजता मी थांबलो. तिन्ही वेळा कुठे ना कुठे एक शिवाजी राज्य करतोय! १६६४ सोडून द्यायचं, कारण राज्याभिषेक शक सुरू झाला तोच १६७४ ला. राहिले सातारा आणि कोल्हापूर, आणि दोन्ही गाद्या तोच शक लिहिणाऱ्या.

खरं सांगतो, माझं मन कोल्हापूरकडे झुकलं होतं. कागद मला तितका जुना वाटेना. वहीत पेन्सिलीनं 'करवीर?' असं लिहूनही टाकलं.

मग खिडकीशी जाऊन कागद उजेडावर धरला. भोकाच्या डाव्या काठावर एका आकड्याची वेलांटी शिल्लक होती. १७८४ असतं तर शक १११ आला असता, म्हणजे आधी एक. हा एक नव्हता. भिंग बदललं, कागद तिरका केला, तेव्हा पाचाचं पोट दिसलं. ५१. म्हणजे १७२४, सातारा. पेन्सिलीचं खोडलं.

काका गप्प बसले होते. चहावर साय धरली. शाहू छत्रपतींचा तीनशे वर्षांचा कागद घरात निघणं ही केवढी गोष्ट, हे मी दोनदा सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावर ते पोचलं नाही.

"तुमच्या आजोबांचं नाव काय?" मी सहज विचारलं.

"माझंच. नातवालाबी त्येच ठिवलंय. सातबाऱ्याला तलाठी दरसाल घोळ घालतो." पहिल्यांदा जरा हसले. मग नळीचं झाकण लावता लावता म्हणाले, "पर शिक्क्यावर शिवराजच हाय न्हवं?"

"आहे."

"मग त्येवढं कागदावर लिवून द्या. फ्लेक्सवाला थांबलाय."

मी लिहून दिलं. शंभुसूनो शिवराज, म्हणजे शाहू छत्रपती, सातारा, इ. स. १७२४. 'शाहू' जरा ठसठशीत काढलं. छापताना त्यांनी कुठलं अक्षर मोठं केलं ते काही कळलं नाही.